शांत स्वभावाचा साप पाळायचाय : कोणता निवडावा?

गोदाकाठ (सेलू) | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, पण मनापासून विचारतोय.

लेक यंदा नववीत गेली. दोन वर्षांपूर्वी आमच्या मागच्या अंगणात, कडबा रचतो त्या कोपऱ्यात धामण निघाली होती. सर्पमित्र आले. त्यांनी ती धरली आणि नेण्याआधी लेकीला पाठीवरून हात फिरवू दिला. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात साप जो बसला तो उतरलाच नाही. एक जाड वही केलीय. त्यात चित्रं काढते, खवल्यांच्या ओळी मोजते, कोणता साप अंडी घालतो आणि कोणता पिल्लं देतो ते लिहिते. आता म्हणते, बाबा, मला एक साप पाळायचाय, शांत स्वभावाचा.

आधी मी हसण्यावारी नेलं. पण सहा महिने झाले, तिचा हट्ट तसाच आहे. तोही रडारड न करता. मग मला वाटलं, आपण निदान नीट माहिती तरी घ्यावी.

आमचं घर जुनं. खाली माळवदाच्या दोन खोल्या, पुढे आणि वर नंतर बांधलेला स्लॅब. लेकीची खोली वरची. घरात माझी आई आहे, माळकरी आहे. शेजारचे म्हणतात मांडूळ आणा, ते जन्मात चावत नाही. खरंच असं आहे का? कोणता साप सगळ्यात शांत? अनुभव असणाऱ्यांनी सांगा.

मोंढ्यावरचा (नांदेड) | १२ एप्रिल

मांडूळ. डोळे झाकून. आमच्या शेतात नांगरटीला दरसाल एखादं निघतं. फुकट.

सातमाळा (छत्रपती संभाजीनगर) | १२ एप्रिल

मोंढ्यावरचा, काय सांगायलाव तुम्ही! शेतातलं मांडूळ उचलून घरात ठेवलं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली सरळ गुन्हा होतो. मांडूळच कशाला, रानातला कुठलाही साप धरून पाळता येत नाही. नाग, धामण, दिवड, अजगर, अगदी गांडुळाएवढा वाळासुद्धा नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडही वाढलाय. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याच्या बाबतीत ३ ते ७ वर्षं कैद आहे. गोदाकाठ, लेकीच्या हौसेपायी असल्या फंदात पडू नका.

मोंढ्यावरचा | १३ एप्रिल

मला कायदा माहीत नव्हता, खरं सांगतो. लहानपणी शेतातल्या आखाड्यावर आम्ही पोरं मांडूळ गळ्यात घालून हिंडायचो. आजा रागवायचा, म्हणायचा, सोडा त्याला, उंदरं कोण खाईल मग. तेवढ्या आठवणीवर लिहिलं. स्वभावाला मात्र ते गरीबच असतं, हे माझं म्हणणं कायम.

बालाघाट (बीड) | १३ एप्रिल

मी चौदा वर्षं साप सोडवायचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मांडूळ गरीब असतं हे खरं आहे. पण ते का गरीब दिसतं ते बघा. त्याला धोका वाटला की ते डोकं अंगाच्या वेटोळ्यात लपवतं आणि बोथट शेपूट वर करून हलवतं. शत्रूने शेपटीवर घाव घालावा आणि डोकं वाचावं, एवढाच त्यातला हेतू. म्हणूनच त्याला दुतोंड्या म्हणतात. आपण त्याला हातात घेतो, ते अंग आखडून घेतं आणि आपण म्हणतो, किती शांत! भ्यालेल्या जिवाला आपण शांत म्हणतो. ताई, दादा, सगळ्यांनाच सांगतो, सापाच्या बाबतीत हा फरक ओळखता आला पाहिजे. आरामात असलेला साप हळू जीभ काढतो, अंग सैल सोडतो, हातावरून वास घेत पुढे सरकतो. भ्यालेला साप आखडतो, गोळा होतो, नाहीतर सुटायला धडपडतो.

दुसरी गोष्ट. मांडुळाची तस्करी आमच्या पट्ट्यात अजून थांबलेली नाही. पैशांचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडतं, वजन अमुक किलो भरलं की कोट्यवधी मिळतात, असल्या थापांवर माणसं घरदार विकायला निघतात. वजन वाढावं म्हणून त्या जनावराला काहीबाही कोंबून खायला घालतात. पोत्यात आठ-आठ दिवस बांधलेलं मांडूळ मी माझ्या हातांनी सोडवलंय. ते हातात घेतलं तेव्हा त्यानं शेपूटही वर केली नाही. तुमच्या घरात मांडूळ आहे ही बातमी गावात फुटली तर पोलिसांच्या आधी असली माणसं दारात येतील.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. मांडुळाचा भाऊबंद म्हणजे डुरक्या घोणस. तोही बिनविषारी, बुटका आणि जाड असतो, अंगावर गडद ठिपके असतात. आणि विषारी घोणस, म्हणजे आपल्याकडे कुणी परड म्हणतात ती, लहान असताना पोरांना तशीच वाटते. डुरक्या समजून घोणस उचलल्याच्या गोष्टी सर्पमित्रांच्या घरांतसुद्धा घडल्यात. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोकं त्रिकोणी असतं, मान वेगळी दिसते आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. डुरक्याची नक्षी वेडीवाकडी असते, शेपूट आखूड आणि खरखरीत असते. वाचायला सोपं आहे. संध्याकाळच्या उजेडात, तुरीच्या ओळीत ते सोपं राहत नाही.

आणि गोदाकाठ, त्या सर्पमित्राने लेकीला हात लावू द्यायला नको होता. धामण बिनविषारी आहे, पण धरलेल्या सापाला आधीच खूप ताण असतो. आम्ही आता शाळांमध्येही साप हाताळून दाखवत नाही.

तेरणाकाठ (धाराशिव) | १३ एप्रिल

हा धागा वाचून अंगावर काटा आला. माझी मावशी मण्यारीने गेली. श्रावणात, खाली अंथरूण टाकून झोपलेली होती. पहाटे पोटात दुखायला लागलं म्हणाली. आम्हाला वाटलं पित्त झालं असेल. मग पापण्या जड झाल्या, जीभ जड झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास गेला. चावल्याची खूणसुद्धा दिसली नाही. ज्या मुलखात हे घडतं तिथे साप हौसेने घरात आणायचा? मला हे पटत नाही, आणि मी ते स्पष्ट सांगणार.

बालाघाट | १३ एप्रिल

तेरणाकाठ ताई, तुमच्या मावशीचं वाचून फार वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, आणि म्हणूनच तो ओळखला जात नाही. पावसाळ्यात रात्री खाली झोपलेल्या माणसाच्या पोटात दुखून पापण्या गळायला लागल्या तर खूण दिसो न दिसो, थेट सरकारी दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन करायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या दंशावर एकच मिश्र लस, म्हणजे प्रतिविष, चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवायचा नाही. मण्यारीच्या दंशात लशीइतकीच कृत्रिम श्वासाची गरज पडते.

ताईंच्या पोस्टमुळे आणखी एक सांगतो, कारण इथे लहान मुलंही वाचत असतील. कवड्या बिनविषारी आणि मण्यार जहाल, आणि दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे उलट, पुढे पुसट आणि शेपटीकडे ठळक. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरची खवल्यांची ओळ मोठी आणि षटकोनी असते. पण खवले बघायला जवळ जायचंच नाही. घरात साप दिसला की वन विभागाच्या १९२६ ला फोन लावा.

गोदाकाठ | १३ एप्रिल

तेरणाकाठ ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही.

बालाघाट दादा, मांडुळाचा विषय आमच्याकडून संपला. मग पाळता येण्यासारखं काही उरतं का?

अंबाजोगाईकर (सध्या पुणे) | १४ एप्रिल

उरतं. मी सहा वर्षांपासून बॉल पायथन पाळतो, म्हणून अनुभवाचं लिहितो.

हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान अजगर. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, त्यावरूनच हे नाव पडलं. नर साधारण ३ ते साडेतीन फूट, मादी ४ ते ५ फूट. विष नाही. चावा बसलाच तर सुईच्या टोकाएवढे चार-सहा ओरखडे येतात. मला सहा वर्षांत दोनदा चावला, दोन्ही वेळा चूक माझी. उंदराचा वास हाताला असताना पेटीत हात घातला होता.

बालाघाट यांनी भीती आणि शांतपणा यांतला फरक सांगितला, तो माझ्या सापालाही लागू आहे. चेंडू होऊन बसलेला बॉल पायथन शांत नसतो, तो भ्यालेला असतो. नवीन आणल्यावर माझा तीन आठवडे चेंडूच होता. मी फक्त पाणी बदलायचो आणि बाजूला बसून वाचायचो. साडेतीन महिन्यांनी पहिल्यांदा तो आपणहून माझ्या मनगटावर आला.

आता काही गोष्टी, ज्या विकणारे सांगत नाहीत.

तो २० ते ३० वर्षं जगतो. लेक आज १४ ची. ती शिकायला बाहेर जाईल, तेव्हा सांभाळणार कोण? म्हणजे तुम्ही. साप तिचा असेल, पण तुम्हाला तो तुमचा समजूनच घ्यावा लागेल.

तो खातो उंदीर. फक्त उंदीर. अंडं, पनीर, कोंबडीचा तुकडा असलं काही चालत नाही. गोठवलेले उंदीर मिळतात, ते कोमट पाण्यात ठेवून बर्फ उतरवायचा आणि चिमट्याने द्यायचे. जिवंत उंदीर द्यायचा नाही. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला कुरतडतो. लहान सापाला आठवड्याने, मोठ्याला दोन ते चार आठवड्यांनी. आणि हा साप रुसतो. थंडीत माझा दरवर्षी अडीच-तीन महिने काही खात नाही. पहिल्या वर्षी मी रात्र रात्र जागलो. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करायला लागलो. वजन टिकून असेल तर काळजी नाही.

त्याला पेटीत एका बाजूला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या बाजूला २५ ते २७ अंश लागतं. थर्मोस्टॅट नसलेला गरम पॅड म्हणजे सापाला तव्यावर ठेवणं. लपायला दोन जागा हव्यात, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, नाहीतर लपायचं की ऊब घ्यायची यात तो अडकतो. हवेत ओलावा ५० ते ६० टक्के. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, तेव्हा त्याला धड दिसत नाही. त्या दिवसांत हात लावायचा नाही. खाल्ल्यावरही दोन दिवस लावायचा नाही.

सापाची किंमत विचारू नका. पेटी, थर्मोस्टॅट, इन्व्हर्टर यांचा खर्च त्याहून जास्त होतो.

येळवस (लातूर) | १४ एप्रिल

आमची आजी तर लसणाच्या पातेल्याला वेगळा चमचा ठेवते. फ्रिजमध्ये उंदीर ठेवला तर ती फ्रिजसकट आम्हाला बाहेर ठेवील! गोदाकाठ काका, माळकरी आजीला कसं पटवणार ते आधी सांगा, साप नंतर.

अंबाजोगाईकर | १४ एप्रिल

येळवस, माझ्या आईने तीच अट घातली होती. मी जुना छोटा डीप फ्रीझर घेतला, तो गॅलरीत असतो. आई आली की त्यावर तुळशीचं रोप ठेवते. का ते मी अजून विचारलं नाही.

सातमाळा | १४ एप्रिल

कागदांचं मी सांगतो, कारण इथेच माणसं फसतात. बॉल पायथन हा वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात ४९ एम हे कलम आलं आणि त्यावरून फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम निघाले. केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंद करावी लागते. प्राणी दुसऱ्याच्या हातात गेला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, सगळं कळवायचं. विकणाऱ्याकडे त्याच्या नावावरची नोंद नसेल तर तिथूनच परत फिरा. "कागद नंतर करू" असं म्हणणाऱ्याकडून तर पिंजरासुद्धा घेऊ नका.

मका साप, म्हणजे अमेरिकेतला कॉर्न स्नेक, या करारात नाही. पण तोही कुठून आला याची पावती आणि ब्रीडरचा पत्ता हातात असायलाच हवा.

मृगबहार (जालना) | १५ एप्रिल

मी पशुवैद्य आहे. बहुतेक रुग्ण म्हशी आणि शेळ्या, पण दोन-तीन पाळीव साप बघितलेत.

मला कॉर्न स्नेक नवशिक्यासाठी जास्त बरा वाटतो. बॉल पायथन संथ असतो, पण खाण्याच्या बाबतीत लहरी. कॉर्न स्नेक चपळ आहे, हातातून सुळकन निघतो, पण पोटभर खातो आणि हवामानाला जास्त सोसतो. पहिल्यांदा साप पाळणाऱ्या घरात साप खात नाही म्हणून जी घबराट होते ती मी बघितलीय. जबड्यात बळंच उंदीर कोंबून सापाचं तोंड फाडलेलं मी शिवलंय.

आजारांत दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी फेस किंवा घरघर म्हणजे छातीचा संसर्ग, बहुधा थंडीने किंवा अति ओलाव्याने होतो. आणि कात तुकड्यातुकड्याने निघणं, शेपटीच्या टोकाला अडकून राहणं म्हणजे हवा कोरडी आहे. मार्च ते मे आपल्याकडची हवा पापडासारखी कोरडी असते हे विसरू नका. कूलरने ओलावा येतो, पण कूलरचा झोत पेटीवर नको.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर तालुक्याला सहज मिळणार नाही. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आधी तिथे विचारून ठेवा. साप आणल्यावर शोधाशोध नको. हाताळल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. घरात पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर साप आणूच नका.

अंबाजोगाईकर | १५ एप्रिल

डॉक्टर, तुमचं खाण्याबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. तरी नववीतल्या मुलीच्या हातात मी संथ सापच देईन. चपळ साप हातातून निसटला की माणूस घट्ट पकडतो, आणि घट्ट पकडलेला साप चावतो.

रंगाबद्दलही सांगून ठेवतो. बॉल पायथनमध्ये शेकडो रंगप्रकार पैदास करून काढलेत. त्यात स्पायडर म्हणून एक आहे, दिसायला फार सुंदर. पण त्या जनुकासोबत डोकं डुगडुगण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो. तो घेऊ नका. साधा, तपकिरी-काळा, जंगलात असतो तसाच घ्या.

रानफूल (हिंगोली) | १६ एप्रिल

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, तरी माझा प्रश्न राहतोच. आफ्रिकेतल्या बिळात राहणारा जीव सेलूच्या पेटीत कामून आणायचा? मुलीला साप आवडतात तर तिला साप दाखवा की. संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात आहेत, पुण्याला कात्रजला आहेत. बीडजवळ तागडगावला सर्पराज्ञीत जखमी प्राण्यांची सेवा चालते, तिथे घेऊन जा. पेटीतला साप बघून तिला एका सापाची माहिती होईल. आपल्या रानात इतके साप आहेत, त्यांचं काय?

आणि कंटाळा आल्यावर लोक सोडून देतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत पाळलेले बर्मी अजगर सुटले आणि तिथले ससे, रॅकून पार घटले. तसं इथे नको.

बालाघाट | १६ एप्रिल

रानफूल ताई, सोडून देण्याबद्दल शंभर टक्के सहमत. परदेशी साप रानात सोडणं हा त्या सापाचाही मृत्यू आहे आणि रानालाही धोका आहे.

बाकीच्याबद्दल माझं मन दोन्हीकडे आहे. मी स्वतः साप पाळत नाही आणि पाळणार नाही. पण माझ्या गावात दहा वर्षांपूर्वी साप दिसला की काठी यायची. आता फोन येतो. तो बदल पोरांमुळे झाला. ज्या पोरांनी सापाकडे न घाबरता बघितलं त्यांनी आईबापांना थांबवलं. गोदाकाठची लेक त्यातली वाटते.

मोंढ्यावरचा | १६ एप्रिल

बालाघाट दादा, एक विचारतो. आमच्या गावात साप जुळताना दिसले की त्यांच्यावर नवं लुगडं टाकतात, मग ते कपाटात ठेवतात, बरकत येते म्हणून. माझ्या आईने टाकलं होतं. ते जुळणं म्हणजे नर-मादीच ना?

बालाघाट | १६ एप्रिल

बहुतेक वेळा नाही. फूट-दोन फूट उभे राहून एकमेकांना पिळा घालणारे ते दोन नर असतात, धामणींचे. मादीसाठी झुंज चाललेली असते, एकमेकांना खाली दाबायची. आईचं लुगडं त्या कुस्तीवर पडलं. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, तेही खोटं. सापाला दूध पचत नाही. पंचमीला तहानलेला, उपाशी ठेवलेला नाग पुढ्यात आलेलं काहीही पितो, आणि मग मरतो. पंचमीला वारुळाला लाह्या वाहा, रान नांगरू नका, हे आपल्या बायांनी जपलेलं आहे तेच खरं सापाचं पूजन.

जायकवाडी (पैठण) | १७ एप्रिल

विषयांतर होतंय, पण आपल्या भागाचा माणूस म्हणून सांगतो. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडला राहून त्यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध रुजवलं आणि हजारो जीव वाचले. सापाच्या दंशावरही त्यांनी काम केलंय. मराठवाड्याच्या पोरांनी विषारी जिवांकडे अभ्यासाच्या नजरेने बघणं काही नवीन नाही. पोरीला त्यांच्याबद्दल सांगा.

गोदाकाठ | १७ एप्रिल

ही पोस्ट लेकीने लिहिलीय, मी फक्त टाकतोय.

"सगळ्या काका, मावशींना नमस्कार. रानफूल मावशी, तुम्ही विचारलंत की आपल्या रानातल्या सापांचं काय. माझ्या वहीत तेच आहेत. पण ते मला दिसतात तेव्हा एक तर पळत असतात, नाहीतर मेलेले असतात. रस्त्यावर चेपलेले नानेटी मी अकरा मोजले. मला एक साप रोज बघायचा आहे, तो कधी जागा होतो, जीभ कधी काढतो, कात कुठून सुरू होते. तेरणाकाठ मावशी, तुमच्या मावशीबद्दल वाचून मी आजीची गादी खाटेवर टाकली आणि मच्छरदाणी गादीखाली खोचली. अंबाजोगाईकर काका, मी २० वर्षं सांभाळीन. पण तुम्ही म्हणता तसं बाबांनाही विचारलं आहे."

तेरणाकाठ | १७ एप्रिल

बाळ, मच्छरदाणी खोचलीस, फार छान केलंस. मावशीच्या वेळी आमच्याकडे कुणालाच हे माहीत नव्हतं.

माझं मत बदललेलं नाही. पण तुझी वही मला बघायची आहे.

अंबाजोगाईकर | १८ एप्रिल

गोदाकाठ, माझा एक सल्ला. आत्ता साप आणू नका. आत्ता फक्त पेटी आणा. साप असल्यासारखी ती अख्खा मे महिना चालवा. थर्मोस्टॅट लावा, दोन्ही बाजूंना तापमापक आणि ओलावामापक ठेवा, पाण्याची वाटी भरा. लेकीने सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री नोंद करायची. आपल्याकडे अडचण ऊब देण्याची नाही, उन्हाळ्यात पेटी गार ठेवण्याची आहे. ३५ च्या वर पेटी तापून राहिली तर बॉल पायथनचा जीव जाऊ शकतो. रिकामी पेटी महिनाभर सांभाळता आली तर पुढचं बोलू.

मृगबहार | १८ एप्रिल

याच्याइतका चांगला सल्ला या धाग्यात आला नाही. मीही माझ्या पुढच्या प्रत्येक सापवाल्याला हेच सांगेन.

येळवस | १८ एप्रिल

आणि रिकाम्या पेटीला आजीचीही हरकत नसणार!

गोदाकाठ | ९ जून

मंडळी, धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं झालंय.

पेटी आणली. चार फूट लांब, दोन फूट रुंद. आधी लेकीच्या वरच्या खोलीत ठेवली. २ मेपासून नोंदी सुरू केल्या. पहिल्याच आठवड्यात दुपारी तीनला खोली ४० वर गेली, गरम पॅड बंद असताना पेटीची थंड बाजू ३७ दाखवायची. ओलावा १८ टक्के. लेकीने ओलं गोणपाट लावलं, पेटी भिंतीपासून सरकवली, खिडकीला कडब्याची ताटी बांधली. ३५ च्या खाली काही येईना. ११ तारखेला दुपारी चार तास लाईट गेली. त्या दिवशी तिने वहीत एकच ओळ लिहिली, "आज साप असता तर मेला असता." जेवली नाही त्या रात्री.

मग पेटी खाली आणली, माळवदाच्या खोलीत. ती आईची खोली. आई म्हणाली, रिकामी आहे तोवर ठेवा. त्या खोलीत बाहेर ४३ असताना सगळ्यात जास्त नोंद ३३ ची आहे. लाईट गेली तरी दोन-तीन तास एका अंशाचासुद्धा फरक पडत नाही. पेटीत ओल्या शेवाळाचा डबा ठेवल्यावर ओलावा ५० च्या आसपास राहतो. भिंती अडीच फुटी मातीच्या आहेत, त्याचा हा गुण.

परवा आईच म्हणाली, वर नका नेऊ आता ती, इथंच राहू द्या. पण ते उंदराचं काम अंगणात करा.

बालाघाट | ९ जून

आनंद झाला वाचून. पण माळवदात कवड्या, पाली, उंदीर फिरतात, त्यांच्या मागे मण्यारही येते. पेटीला कुलूपाचं झाकण आणि बारीक जाळी हवी. बाहेरचं आत जाऊ नये म्हणूनही आणि आतलं बाहेर येऊ नये म्हणूनही. पावसाळ्याआधी भिंतीतली बिळं बुजवा. आजीची खाट भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

रानफूल | १० जून

माझा विरोध तत्त्वाला होता, अजूनही आहे. तरी ती एक ओळ वाचून वाटलं की ही मुलगी सापाला खेळणं समजत नाही.

अंबाजोगाईकर | १० जून

उन्हाळा निघाला, आता थंडी राहिली. परभणीचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी होतो आणि त्या मातीच्या भिंती थंडी थोडी अडवतील, पण पेटीला लागते तेवढी ऊब देणार नाहीत. नोंदी चालूच ठेवा. रात्री गरम बाजू ३१ वर राहते का, पहाटे लाईट गेली तर इन्व्हर्टर किती वेळ पुरतो, ते बघा. तोवर मी माझ्या ओळखीच्या नोंदणीकृत ब्रीडरकडे विचारून ठेवतो. पिल्लाने त्यांच्याकडे सलग पाच-सहा वेळा गोठवलेला उंदीर खाल्लेला असला पाहिजे, त्याशिवाय घ्यायचं नाही.

गोदाकाठ | १० जून

लेक म्हणते संक्रांतीपर्यंत नोंदी करणार. वहीची नवीन पानं आखून झालीत. तिचा एकच प्रश्न आहे: रात्रीची नोंद आजीला न उठवता घ्यायची तर तापमापकाची वायर दाराबाहेर किती लांब आणता येते?

अंबाजोगाईकर | १० जून

तीन मीटरची मिळते. माझ्याकडे एक जास्तीची आहे, पत्ता कळवा, पाठवतो.